वाचकांचे प्रश्न : ब्राझीलचे लष्करशहा, तिथले आदिवासी आणि आपला सीमाभाग

मागील अंकात आम्ही एक लहानसे टिपण छापले होते. ब्राझील सरकारच्या माफी आयोगाने २ एप्रिल २०२४ रोजी क्रेनाक आणि ग्वारानी-काइओवा या दोन आदिवासी जमातींची, १९६४ ते १९८५ या लष्करी राजवटीत त्यांच्यावर झालेल्या अत्याचारांबद्दल सामूहिक क्षमा मागितली आणि आयोगाच्या अध्यक्षांनी त्या वेळी गुडघे टेकले, ही त्यातली मुख्य बातमी होती; त्या काळात तिकडे रस्त्यांमुळे माणसे मेली आणि क्रेनाकांना त्यांची भाषा बोलण्यास बंदी होती, असेही त्यात म्हटले होते. तिच्यावर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली, आणि बहुतेकांनी त्या दूरच्या देशाविषयी विचारता विचारता शेवटी आपल्या दाराशी आणून प्रश्न सोडला आहे. लांबलेली पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी गाळली आहेत.

प्रश्न : ब्राझील हा खंडप्राय देश. अॅमेझॉनच्या अरण्यात विखुरलेल्या थोड्याशा आदिवासींची लष्करी सरकारला एवढी दखल घ्यावी असे का वाटले? राष्ट्रउभारणीशी त्यांचा संबंध कुठे येतो? (एक प्राध्यापक, निपाणी)

उत्तर : पोर्तुगीजांची वसाहत म्हणून ब्राझील वाढला तो समुद्रकिनाऱ्याला धरून, आणि स्वातंत्र्यानंतरही लोकवस्ती, बंदरे, कारखाने, राजधानी हे सारे किनाऱ्याच्या पट्ट्यातच राहिले. (आपल्या खानापूर-चंदगडच्या उतारावरचा काजू याच किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, तो काजू आधीपासून खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या जमातींचे काय झाले, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.) १९६० मध्ये राजधानी ब्राझीलियाला हलली, तेव्हाच देशाने आतल्या भागाकडे तोंड वळवले होते. १९६४ मध्ये सत्ता बळकावलेल्या सेनानींनी त्यात संरक्षणाचा विचार मिसळला. ज्या प्रदेशात आपली माणसे नाहीत, रस्ते नाहीत, ठाणी नाहीत, तो प्रदेश आज ना उद्या परके गिळणार, असे त्यांचे ठाम मत होते आणि 'जोडून घ्या, नाहीतर गमवाल' अशा अर्थाची घोषणाच त्या काळात रूढ झाली.

१९७० मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला. तत्कालीन अध्यक्ष जनरल मेदिसी यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये 'राष्ट्रीय एकात्मता योजना' नावाचा हुकूम काढला आणि अरण्याच्या आरपार पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा ट्रान्स-अॅमेझॉनियन महामार्ग बांधून त्याच्या दुतर्फा दुष्काळग्रस्त शेतमजुरांना वसवण्याचे ठरवले. माणसांवाचून पडलेली जमीन जमिनीवाचून राहिलेल्या माणसांना द्यायची, असा त्या योजनेचा गाजलेला उद्घोष होता. आता ईशान्येकडची माणसे भूमिहीन होती याचे मुख्य कारण तिथल्या सुपीक जमिनी मोजक्या बड्या घराण्यांच्या हाती होत्या, हे होय. त्या जमिनींना हात लावणे म्हणजे राजवटीच्या पाठीराख्यांनाच दुखावणे होते. अरण्याला हात लावल्याने मतदानपेटीत किंवा बराकीत कोणीही दुखावले जात नव्हते. या योजनेत दुष्काळाची कणव किती आणि जमीनदारांची भीड किती, याचा विचार केला तर भीडच अधिक होती असे माझे मत आहे.

पहिल्या काही वर्षांत एक लाख कुटुंबे वसवण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात काही हजारच वसली. १९७४ च्या सुमारास सरकारने लहान शेतकऱ्यांचा नाद सोडून करसवलती देऊन बड्या गुरेपालन कंपन्यांना तिथे आणण्यावर भर दिला, म्हणजे भूमिहीनांसाठी म्हणून जी जमीन रिकामी ठरवली ती अखेर पुन्हा मोठ्या मालकांकडेच गेली. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या 'रिकामी' ठरवण्यातच आहे. आदिवासींचे वैर करावे असे दिल्लीएवढ्या अंतरावरून कारभार हाकणाऱ्यांच्या मनात असेलच असे नाही. त्यांच्या नकाशात ती माणसे भरलेलीच नव्हती.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून आणावे लागते. रस्ता द्या म्हणून अर्ज करून लोक थकले. आणि तुम्ही लिहिता की तिकडे रस्त्यांमुळे माणसे मेली. हे आम्हाला पटत नाही. (खानापूर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपली हरकत रास्त आहे, म्हणून तपशिलाने लिहितो.

कुयाबाहून सांतारेंला जाणारा बीआर-१६३ हा महामार्ग पानारा नावाच्या जमातीच्या मुलखातून जाणार होता. या लोकांविषयी बाहेर अनेक दंतकथा होत्या. ते राक्षसी उंचीचे आहेत असेही वर्तमानपत्रे छापत. आदिवासींशी संपर्क साधण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या व्हिलास-बोआस बंधूंना रस्ता येण्यापूर्वी त्यांच्याशी ओळख करून घेण्यासाठी पाठवण्यात आले आणि १९७३ मध्ये ती भेट झाली. रस्ता मात्र भेटीनंतर थांबला नाही. मजूर, ट्रकचालक, खलाशी, त्यांच्याबरोबर सर्दी-पडसे, इन्फ्लुएंझा आणि अतिसार, असे सगळे एकदमच आत शिरले. गावे आजारी पडली, शेतीची वेळ टळली, आणि आजाराच्या मागोमाग उपासमार आली. १९७५ च्या आरंभी उरलेल्या ७९ जणांना विमानात बसवून आदिवासींसाठी राखलेल्या झिंगू अभयक्षेत्रात हलवण्यात आले. तिथे ते आपल्या जुन्या वैऱ्यांच्या शेजारी, अनोळखी मातीत राहिले. १९९० च्या दशकात त्यांनी मूळ मुलखाच्या शाबूत राहिलेल्या एका भागात परत वस्ती केली आणि पुढे न्यायालयाने त्यांच्या हानीबद्दल राज्यसंस्थेला जबाबदार धरून भरपाई मंजूर केली.

मनौस ते बोआ व्हिस्ता हा बीआर-१७४ महामार्ग वाइमिरी-अत्रोआरी जमातीच्या मुलखातून गेला. इथे लोकांनी प्रतिकार केला. १९६८ मध्ये वाटाघाटीसाठी गेलेल्या एका धर्मगुरूची तुकडी मारली गेली. काम लष्कराच्या अभियांत्रिकी तुकडीकडे होते आणि १९७४ च्या एका गोपनीय लष्करी पत्रात आदिवासींना मशीनगनच्या फैरी, हातबाँब आणि सुरुंग यांची 'लहानशी प्रात्यक्षिके' दाखवावीत असे लिहिलेले पुढे सापडले. विमानांतून गावांवर हल्ले झाल्याच्या साक्षी त्या जमातीतल्या वयस्क मंडळींनी नंतर दिल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारी अंदाजानुसार या लोकांची संख्या सुमारे ३,००० होती. १९८३ मध्ये ती ३३२ भरली. आता ती पुन्हा दोन हजारांच्या वर गेली आहे, ही या प्रकरणातली एकमेव बरी गोष्ट.

यानोमामींच्या मुलखात १९७३ मध्ये उत्तरेच्या सरहद्दीने जाणारा महामार्ग सुरू झाला. गोवराच्या साथीने रस्त्यालगतची गावे ओस पडली, आणि १९७६ मध्ये पैसे संपल्यामुळे रस्ताच अर्धवट सोडून देण्यात आला. म्हणजे ज्यासाठी माणसे गेली ते कामसुद्धा झाले नाही. मात्र त्याच सुमारास विमानांतून रडारने केलेल्या सर्वेक्षणामुळे तिथल्या खनिजांची वार्ता फुटली होती, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जवळपास ४०,००० सोनेशोधक त्या अरण्यात घुसले. १९९२ मध्ये सुमारे ९६ लाख हेक्टर क्षेत्र यानोमामींचे म्हणून राखीव झाले. कर्नाटक राज्याच्या निम्म्याएवढे हे क्षेत्र आहे, यावरून कल्पना यावी.

आता आपल्या हरकतीकडे वळतो. तुमच्या गावाने रस्ता मागितला आहे, तो कुठून जावा हे गावाला ठाऊक आहे, आणि तो झाला तर दवाखाना, शाळा व बाजार गाठता येईल असा त्यामागे हिशेब आहे. वर सांगितलेल्या तिन्ही रस्त्यांपैकी एकही त्या मुलखातल्या कोणी मागितलेला नव्हता, आणि त्यांतला एकही त्यांच्या गावाला जाऊन थांबत नव्हता. ते सगळे त्यांच्या अंगणातून आरपार जाऊन दुसऱ्यांची शहरे जोडत होते. मागणाऱ्याला रस्ता न देणे आणि नको म्हणणाऱ्याच्या घरातून तो काढणे, या दोन्ही गोष्टींत गावाला विचारण्याची गरज न वाटणे हे समान आहे. तेव्हा माझे लिहिणे तुमच्या अर्जाच्या विरोधात जात नाही.

प्रश्न : मृत्यू जर साथीच्या रोगांनी झाले असतील, तर त्याला सरकारचा गुन्हा कसे म्हणता येईल? वैद्यकीय दृष्ट्या तो योगायोग नव्हे काय? (एक डॉक्टर, बेळगाव)

उत्तर : १५०० साली, पोर्तुगीज तिथे प्रथम उतरले तेव्हा, तो योगायोग म्हणता आला असता. गोवराची लस १९६३ पासून उपलब्ध होती. ज्यांचा बाहेरच्या रोगांशी कधी संबंध आला नाही अशा लोकांत गोवर आणि फ्लू किती माणसे नेतात, हे ब्राझीलच्या आदिवासी खात्याला अनेक दशकांच्या अनुभवाने ठाऊक होते, आणि आधी लसीकरण करून मग काम सुरू करावे असा सल्ला देणारी माणसे त्याच खात्यात होती. मातो ग्रोसो प्रांतातल्या मारांइवात्सेदे इथल्या शावांते लोकांना १९६६ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी उचलून दूरच्या मिशनवर नेले, कारण त्यांच्या जमिनीवर एक प्रचंड गुरेपालन केंद्र उभे राहिले होते. नेलेल्या ठिकाणी गोवराची साथ चालू होती आणि पहिल्या काही दिवसांतच कित्येक जण दगावले. साथ चाललेल्या ठिकाणी लस न देता माणसे नेऊन उतरवणे याला डॉक्टरांच्या भाषेत काय म्हणतात ते आपणच ठरवावे. ब्राझीलच्या राष्ट्रीय सत्यशोधन आयोगाने डिसेंबर २०१४ च्या अहवालात, १९४६ ते १९८८ या काळात राज्यसंस्थेच्या कृतीमुळे किंवा हेळसांडीमुळे किमान ८,३५० आदिवासी मृत्युमुखी पडले असा आकडा दिला. आयोगाने मोजक्याच जमातींची प्रकरणे तपासली होती आणि खरी संख्या याहून बरीच मोठी असावी असे स्वतःच नमूद केले.

प्रश्न : तिथे आदिवासींसाठी स्वतंत्र खाते आणि कायदा होता असे वाचनात येते. मग ते काय करत होते? आणि हा दोष हुकूमशाहीचा म्हणावा की एकंदर राज्यसंस्थेचाच? (एक वकील, बेळगाव)

उत्तर : खाते १९१० पासून होते. रोंदोन नावाच्या ज्या लष्करी अधिकाऱ्याने ते उभे केले, त्याची 'प्रसंगी मरू, पण मारणार नाही' ही प्रतिज्ञा प्रसिद्ध आहे. पुढे त्या खात्याचे जे झाले ते भयंकर होते. १९६७ मध्ये जादेर फिगेरेदो या सरकारी वकिलाच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली. त्याच्या पथकाने १३० हून अधिक ठाण्यांना भेटी देऊन सुमारे ७,००० पानांची कागदपत्रे जमवली. त्यांत खून, वेठबिगारी, छळ, जमिनींची परस्पर विक्री आणि मुद्दाम पसरवलेले रोग या सगळ्यांच्या नोंदी आहेत, आणि आरोपींच्या यादीत खात्याचेच कर्मचारी आहेत. खाते बरखास्त करून डिसेंबर १९६७ मध्ये 'फुनाय' हे नवे मंडळ स्थापन झाले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने हे प्रकरण महत्त्वाचे आहे. यातले कित्येक अत्याचार लष्करी सत्तापालटाच्या आधीचे, निवडून आलेल्या सरकारांच्या काळातले होते, आणि चौकशी झाली ती लष्करी राजवटीत. म्हणजे लोकशाही चांगली आणि लष्कर वाईट एवढ्यावर हिशेब मिटत नाही. परंतु १३ डिसेंबर १९६८ रोजी राजवटीने 'पाचवा संस्थात्मक कायदा' जारी करून संसद बंद केली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणले आणि अटकेविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट राजकीय प्रकरणांत बुजवली. त्यानंतर फिगेरेदोचा अहवाल हळूहळू दिसेनासा झाला. तो आगीत जळाला असे सांगण्यात येई. २०१३ मध्ये तो रिओच्या आदिवासी संग्रहालयात, बहुतांश शाबूत स्थितीत असल्याचे उघड झाले. हुकूमशाहीने अन्याय नव्याने शोधून काढला नाही. अन्यायाविषयी विचारणारा खासदार, छापणारा संपादक आणि ऐकणारा न्यायाधीश हे तिघे तिने बाजूला केले, आणि मग जे काम पूर्वी चोरून व अडखळत चाले, ते योजनाबद्ध, अंदाजपत्रकासह आणि देशभक्तीच्या नावाने चालू लागले.

कायद्याविषयी बोलायचे तर १९७३ चा आदिवासी कायदा वरवर पाहता सद्भावनेने भरलेला दिसतो. आदिवासींची संस्कृती जपावी आणि त्यांना क्रमाक्रमाने, सलोख्याने राष्ट्रीय समाजात सामावून घ्यावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. जपणे आणि सामावणे ही दोन कामे एकाच वाक्यात एकमेकांच्या विरुद्ध ओढत होती, आणि दर वेळी जिंकले ते सामावणेच. आदिवासी हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान पाल्यासारखा आणि फुनाय त्याची पालक. मारिओ जुरुना या शावांते पुढाऱ्याला १९८० मध्ये रॉटरडॅमच्या एका आंतरराष्ट्रीय लोकन्यायालयासाठी परदेशी जायचे होते, तेव्हा पालकाने पारपत्राला संमती नाकारली आणि त्याला न्यायालयात जाऊन ते मिळवावे लागले. हाच जुरुना सरकारी कचेऱ्यांत जाताना टेपरेकॉर्डर घेऊन जाई आणि अधिकाऱ्यांची आश्वासने ध्वनिमुद्रित करून ठेवी. १९८२ मध्ये तो रिओतून संसदेवर निवडून आला. ब्राझीलच्या संसदेतला तो पहिला आदिवासी खासदार.

१९७८ मध्ये सरकारने आणखी एक शक्कल काढली. जे आदिवासी पुरेसे 'मिसळले' आहेत त्यांना पालकत्वातून 'मुक्त' करावे, असा प्रस्ताव आला. ऐकायला तो उदार वाटतो. पण मुक्त झालेला माणूस आदिवासी उरत नाही आणि त्याची जमीन आदिवासी जमीन उरत नाही, ही त्यातली मेख होती. मानववंशशास्त्रज्ञ, चर्चमधले काही लोक, वकील आणि खुद्द आदिवासी यांनी एवढा विरोध केला की प्रस्ताव गुंडाळावा लागला. देशभरच्या विखुरलेल्या जमाती एकत्र येऊन संघटित झाल्या त्या याच निमित्ताने.

प्रश्न : क्रेनाक लोकांना त्यांची भाषा बोलण्यास बंदी होती असे आपल्या टिपणात होते. आम्ही दर १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो. १९५६ पासून आम्हाला न विचारता दुसऱ्या राज्यात घातले, सरकारी कागद आमच्या भाषेत मिळत नाहीत. मग आमच्यात आणि क्रेनाकांत फरक तो काय? (एक ज्येष्ठ सीमावासीय, येळ्ळूर)

उत्तर : आपल्या वयाचा आणि आपण काढलेल्या वर्षांचा मान ठेवून लिहितो की फरक मोठा आहे, आणि तो नीट मांडणे आपल्याच बाजूच्या हिताचे आहे.

मिनास जेराइस प्रांतातल्या रेस्प्लेंदोर इथे, क्रेनाकांच्याच जमिनीवर, १९६९ मध्ये 'क्रेनाक सुधारगृह' सुरू झाले. ते लष्करी पोलिसांच्या ताब्यात होते. देशभरातल्या निरनिराळ्या जमातींची माणसे तिथे आणली जात. कोणी दारू प्यायला म्हणून, कोणी परवानगीवाचून गाव सोडले म्हणून, तर कोणी जमिनीवरून मालकाशी भांडला म्हणून. खटला नसे, शिक्षेची मुदत नसे. पहारेकऱ्यांना समजत नाही या कारणास्तव आपल्या भाषेत बोलण्यास मनाई होती. आदिवासींतूनच निवडलेल्या 'ग्रामीण आदिवासी रक्षक दला'चे संचलन फेब्रुवारी १९७० मध्ये बेलो होरिझोंते शहरात झाले, तेव्हा हातपाय बांधून दांड्याला टांगण्याच्या छळाचे प्रात्यक्षिक मान्यवरांसमोर भर रस्त्यात मिरवले गेले आणि त्याचे चित्रीकरण आज उपलब्ध आहे. १९७२ मध्ये क्रेनाकांना तिथून उचलून दूरच्या एका सरकारी मळ्यावर नेले आणि त्यांची जमीन शेतमालकांच्या हाती गेली. आपल्या भागात याला जवळचे काही शोधायचे असेल तर ते सीमाप्रश्नात सापडणार नाही. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ मध्ये प्रथम आलेल्या इंग्रजी अमलातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथे ज्या 'सेटलमेंट' उभ्या होत्या आणि ज्यांतली माणसे तो कायदा रद्द झाल्यावर सुटली, त्यांच्या तारेच्या कुंपणाआड ते शोधावे लागेल.

सीमाभागातल्या मराठी माणसाला १९५६ नंतरही मत होते, आणि त्या मताच्या बळावर महाराष्ट्र एकीकरण समितीने विधानसभेत आपली माणसे धाडली. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपल्याला मान्य नाही, पण आयोग बसला आणि त्याच्यापुढे म्हणणे मांडता आले. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आहेत. त्यांची अंमलबजावणी रडतखडत होते ही तक्रार खरी आहे आणि ती तेवढ्याच नेमकेपणाने केली पाहिजे. शिवाय मराठीच्या पाठीशी कोट्यवधी लोकांचे एक राज्य शेजारीच उभे आहे. क्रेनाकांची भाषा बोलणारी माणसे मोजकी आणि तिच्या पाठीशी कोणीच नाही. सीमाप्रश्नाला त्यांच्या दुःखाची उपमा दिली की आपला दावा वजनदार होण्याऐवजी तो मांडणाऱ्याला प्रमाणाचे भान नाही असे ऐकणाऱ्याला वाटते.

एक गोष्ट आपल्याला रुचणार नाही, तरी लिहितो. सीमाप्रश्नाच्या वादात खानापूरच्या जंगलातले गवळी धनगर आणि आफ्रिकी वंशाचे सिद्दी कुठे असतात? दोन्ही राज्ये गावांवर हक्क सांगताना त्यांची डोकी आपापल्या बाजूला मोजतात, पण त्यांना काय हवे आहे हे विचारणारे निवेदन मी तरी क्वचितच वाचले आहे. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २०२० मध्ये. कारवार जिल्ह्यातल्या त्यांच्या नातलगांना तो २००३ मध्येच मिळाला होता. जिल्ह्याची रेघ ओलांडली की तीच जमात सतरा वर्षे जमात नव्हती. ज्या समाजाला स्वतः रेघेचा जाच माहीत आहे, त्या आपल्या समाजात याचा फारसा गवगवा झाला नाही.

प्रश्न : आमचा गवळीवाडा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आहे. पैसे घेऊन बाहेर पडा असे सांगितले जाते. काहीजण तयार आहेत, काही नाहीत. कागद काढायला गेलो की ७५ वर्षांचा पुरावा आणा म्हणतात. ब्राझीलमध्येही अशीच अट आहे काय? आम्ही काय करावे? (खानापूर तालुका)

उत्तर : अट तशीच नाही, पण एकाच कुळातली आहे.

लष्करी राजवट गेल्यावर ब्राझीलने ५ ऑक्टोबर १९८८ रोजी नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना, सप्टेंबर १९८७ मध्ये, आयल्तोन क्रेनाक या तरुण पुढाऱ्याने घटना समितीसमोर भाषण करता करता आपल्या चेहऱ्याला काळा रंग फासला होता. त्याच्या लोकांत ते दुखवट्याचे लक्षण आहे. घटनेच्या २३१ व्या कलमाने आदिवासींचा त्यांच्या परंपरागत जमिनींवरचा हक्क मूळचाच असल्याचे मान्य केले आणि 'सामावून घेण्या'चे धोरण संपवले. या जमिनींची आखणी पाच वर्षांत पुरी करायची होती. ती अजून पुरी झालेली नाही. दरम्यान शेतमालकांच्या बाजूने असा युक्तिवाद पुढे आला की ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी जी जमात ज्या जमिनीवर प्रत्यक्ष होती, तेवढ्याच जमिनीवर तिला हक्क सांगता येईल. त्या दिवशी पानारा झिंगूमध्ये होते, कारण सरकारनेच त्यांना विमानात घालून तिथे नेले होते. मारांइवात्सेदेचे शावांतेही आपल्या जमिनीवर नव्हते. त्यांना ती परत मिळायला २०१२ साल उजाडले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला, पण त्याच वर्षअखेर संसदेने तोच कायद्यात घातला आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला. २०२२ च्या जनगणनेत तिथे सुमारे १७ लाख लोकांनी स्वतःची नोंद आदिवासी म्हणून केली. १९९१ मध्ये ही संख्या तीन लाखांच्या आत होती. माणसे मोजणीत आली आहेत, जमीन अजून अडलेली आहे.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा पुरतो. गवळी धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत नसल्याने आपण 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरता आणि त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहत असल्याचे दाखवावे लागते. ज्यांची वस्ती चाऱ्याच्या मागे सरकत राहिली आणि ज्यांच्या नावे कोणी कधी उतारा केलाच नाही, त्यांच्याकडे १९३० चा कागद मागणे ही क्रूर थट्टा आहे, असे मला वाटते. तरी कायद्याच्या नियमांत जी वाट आहे ती वापरावी. पुरावा म्हणजे केवळ उतारा नव्हे. जुनी गॅझेटियरे, जनगणना, वनखात्याचे नकाशे व चराईच्या पावत्या, घरपट्टी, मतदारयादी हे सर्व चालते. त्याचबरोबर जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवराई, देवाचे ठाण यांसारख्या खुणा आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी जबाब हेही पुराव्यात धरले जातात. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावेत. खानापूर तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने जुने दप्तर मराठीत, काही मोडीतही सापडू शकते. ते आपल्याला वाचता येत नसेल तर तालुक्यात मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दाखल करावा, तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो, आणि ग्रामसभेने किंवा उपविभागीय समितीने नामंजूर केल्यास वरच्या समितीकडे अपील करता येते. दाव्याची पोच तारखेसह घ्यावी. वैयक्तिक दाव्याबरोबर चराई, पाणी आणि वाटा यांचा सामूहिक दावाही करावा, कारण गुरांवर जगणाऱ्या वाड्याला घराखालच्या चार गुंठ्यांपेक्षा त्याची गरज जास्त आहे. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही असे कायद्याच्या ४ (५) या कलमात स्पष्ट आहे, आणि वन्यजीवांसाठी म्हणून स्थलांतर करायचे झाल्यास ग्रामसभेची पूर्ण माहितीनिशी दिलेली लेखी संमती लागते. ज्या कुटुंबांना शाळा-दवाखान्याच्या जवळ जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, त्यांना कोणी दूषण देऊ नये. मात्र हक्काची नोंद आधी व्हावी आणि रकमेवर सही नंतर व्हावी. जो आधी उठतो आणि मग दावा लावतो, त्याला पुढे कोणत्या तारखेला तू कुठे होतास असे विचारले जाते.